कच्चा लिंबू

आमच्याकडे मुलांच्या खेळात एक जण कच्चा लिंबू असतो. लपाछपी असो, लंगडी असो नाहीतर शिवणापाणी, कुणाचा तरी धाकटा भाऊ रडत येतो आणि त्याला खेळायला घ्यावंच लागतं. मग मोठी मुलं ठरवून टाकतात, हा कच्चा लिंबू. तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. तो कुठल्याच गटाचा नसतो, तरी मैदानात सगळ्यांच्या मध्ये पळत असतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मैदानावर मुलं भांडतात उर्दूत, शिव्या देतात दखनीत, पण कच्चा लिंबू मात्र मराठीतच म्हणतात.

हा कच्चा लिंबू मला पुन्हा भेटला तो कॉम्प्युटरमध्ये. भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, त्याला नवा लॅपटॉप मिळाला आणि जुना माझ्याकडे आला. शाळेचे निकाल, हजेरीचे तक्ते यासाठी. त्यात त्याचा एक खेळ राहून गेला होता, 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर यांच्या नावानं 1991 पासून निघत आलेल्या मालिकेतला हा पाचवा भाग, 2010 सालचा. बी.एड. झालेल्या, दोन मुलांच्या आईनं रात्री अकरा वाजता बसून साम्राज्य चालवावं, हे आमच्या सासरी कुणाला पटण्यासारखं नव्हतं. पण हा खेळ माझ्यासारखीला सोयीचा आहे. तो पाळीपाळीचा आहे, बुद्धिबळासारखा. आपली पाळी झाल्याशिवाय समोरचा हलत नाही. दूध उतू जायला आलं तर उठावं, गॅस बंद करावा, धाकट्याच्या अंगावर पांघरूण घालून यावं. दारात आलेली शत्रूची फौज तोवर जागच्या जागी उभी असते. बाईच्या आयुष्यात इतका सभ्य शत्रू दुसरा नाही.

या खेळात मोठी राज्यं असतात. एक आपलं, बाकीची कॉम्प्युटरची. ती वाढतात, शहरं वसवतात, लढतात आणि शेवटी त्यातलं एक जिंकतं. पण नकाशावर आणखीही काही असतं. एकेका शहराची चिमुकली राज्यं. सिंगापूर, जिनेव्हा अशा नावांची. ती नवं शहर वसवत नाहीत. खेळ जिंकणं त्यांच्या नशिबात लिहिलेलंच नाही. तरी ती आपलं सैन्य ठेवतात, आपला कोट सांभाळतात आणि दोन बड्या राज्यांच्या मध्ये नेमकी खिंडीच्या तोंडावर नाहीतर बंदराच्या काठावर बसलेली असतात. मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा तोंडातून निघून गेलं, अरे, हा तर आपला कच्चा लिंबू!

भाच्याला फोन केला, यांचं काय करायचं असतं?

"गिळून टाका, खाला," तो म्हणाला. "सुरुवातीलाच शेजारचं एक घेऊन टाकायचं. फुकटचं शहर मिळतं."

मी त्याचं ऐकलं नाही. मास्तरकीची खोड म्हणा, मला आधी नियम वाचायचे होते. माझं इंग्रजी चौथ्या-पाचव्या इयत्तेपासून उर्दूच्या काठीला धरून चाललेलं. एकेक पान वाचायला एकेक रात्र लागली. पण त्या वाचनातून कळलं की लहानग्यांशी वागण्याचे चार रस्ते या खेळानं ठेवले आहेत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

पहिला रस्ता भाच्याचा, गिळण्याचा. शहर मिळतं, पण एकाला गिळलं की दुसरी सावध होतात. दुसरा रस्ता धाक दाखवण्याचा. फौज त्यांच्या वेशीवर नेऊन उभी करायची आणि खंडणी मागायची. भीती पुरेशी वाटली तर ते देतात, पण मनातून उतरतात, आणि ज्या कुण्या मोठ्यानं त्यांना अभय दिलं असेल तो आपल्यावर डोळे वटारतो. तिसरा रस्ता पैशाचा. सोनं पाठवायचं. खेळात प्रेमाचं मोजमाप आकड्यांत आहे: तीस झाले की दोस्ती, साठ झाले की ते आपले साथीदार. मात्र साथीदार एका वेळी एकाच राज्याचं होता येतं. आपण साठ केले आणि शेजाऱ्यानं ऐंशी केले की ते त्याचे. आणि दिलेलं सोनं काही कायमचं कामी येत नाही. दर पाळीला प्रेमाचा आकडा थोडा थोडा उतरत जातो. न बघता ठेवलं तर चार-दोन पिढ्यांत पुन्हा अनोळखी.

चौथा रस्ता मला सर्वांत आवडला. प्रत्येक नगराच्या मनात काही ना काही असतं, आणि विचारलं तर ते सांगतं. आमच्या जंगलात लुटारूंनी तळ ठोकलाय, तो उठवा. तुमच्या राजधानीपासून आमच्यापर्यंत रस्ता करा. अमुक एक जिन्नस आमच्याकडे नाही, तो मिळवा. हे केलं की एक पैसा न देता मन जिंकता येतं. आणि दुसऱ्या कुणी गिळलेलं नगर सोडवून त्याला पुन्हा त्याचं त्याचं करून दिलं, तर ते इतकं जवळ येतं की सोन्यानं तितकं कधी आणता येत नाही. खेळाच्या शेवटी जागतिक सभा भरते आणि मतदान होतं. तेव्हा ज्याच्या पाठीशी ही लिंबं जास्त, त्याला तलवार न उपसता जिंकता येतं.

एक गंमत राहिली. यात ऑस्ट्रियाला एक खास हक्क आहे, सोयरिकीचा. एखादं नगर काही पाळ्या आपलं साथीदार राहिलं की ऑस्ट्रिया पैसे मोजून लग्न जुळवते आणि ते नगर कायमचं आपल्या घरात घेते. हे वाचून मला हसू आलं. ऑस्ट्रियापर्यंत जायची काय गरज होती? हे सगळं आमच्या परंड्यात होऊन गेलेलं आहे.

माझं माहेर परंडा तालुक्यातलं. परंड्याचा किल्ला आम्ही लहानपणी सहलीत पाहिला तो तोफा, बुरूज आणि वटवाघळं मोजत. तो बांधला महमूद गवाननं असं सांगतात. बहमनी राज्य मोडलं तेव्हा त्यातून पाच शाह्या निघाल्या: विजापूरची आदिलशाही, नगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बीदरची बरीदशाही. हे आम्ही पाठ करतो आणि मुलांकडून पाठ करून घेतो. पण परंड्यात त्या काळात यातलं कुणीच नव्हतं. तिथं ख्वाजा जहान नावाचा सरदार होता, जवळजवळ आपल्या मर्जीचा मालक. सोलापूरकडचे अकरा परगणे त्याच्या आणि त्याचा भाऊ झैनखान याच्यात होते. एका अंगाला नगर, दुसऱ्या अंगाला विजापूर, मध्ये हे दोघं भाऊ.

विजापूरच्या कमालखानानं झैनखानाकडून सोलापूर घेतलं आणि त्याच्या वाट्याच्या साडेपाच परगण्यांवरून जे भांडण लागलं ते दोन्ही मोठ्या घरांना पुरून उरलं. 1524 मध्ये बुरहान निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी सोलापुरात झालं. सोलापूर तिच्या आंदणात द्यायचं ठरलं होतं, असं नगरवाले म्हणत राहिले. विजापूरनं ते दिलं नाही. आणि लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच लढाई उभी राहिली. पुढं चाँदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा तेच सोलापूर तिच्या आंदणात गेलं. एक शहर आणि दोन लग्नं! ऑस्ट्रियानं शिकवणी लावावी ती आमच्याकडे.

ख्वाजा जहान बरीच वर्षं तगला. नगरशी त्यानं सलोखा ठेवला, आणि त्यांच्या मोहिमांत तो दिसतो. मग त्यानंही सोयरीक केली. आपली मुलगी नगरच्या शहजाद्याला, हैदरला दिली. 1553 मध्ये गादीवर बसला तो हैदरचा भाऊ हुसेन. आता ख्वाजा जहान मधला माणूस राहिला नव्हता, तो एका दावेदाराचा सासरा झाला होता. हुसेन निजामशहानं परंडा घेतला आणि ख्वाजा जहानला विजापूरचा आसरा शोधावा लागला. जोवर तो कुणाचाच नव्हता तोवर सगळ्यांना हवा होता. एकाचा झाला आणि संपला.

उलट उदाहरण बीदरचं. पाच शाह्यांत बरीदशाही म्हणजे अगदीच मुठीएवढी. वऱ्हाडची इमादशाही तिच्याहून कितीतरी मोठी, कापसाची काळी जमीन, भरलेला मुलूख. तरी 1574 मध्ये वऱ्हाड नगरनं गिळलं आणि बीदर मात्र 1619 पर्यंत उभं राहिलं. पंचेचाळीस वर्षं जास्त! बीदरच्या अमीर बरीदला लोक दख्खनचा कोल्हा म्हणत. आज याच्याशी तह, उद्या त्याच्याशी. नगरला आपण विजापूरसाठी हवे आहोत, विजापूरला नगरसाठी, हे त्या घरानं ओळखलं होतं. दोघांपैकी एकानं बीदर घेतलं असतं तर दुसऱ्याच्या उंबऱ्यावर फौज आली असती. म्हणून कुणीच घेत नव्हतं. 1565 च्या जानेवारीत विजयनगरविरुद्ध तालिकोटची लढाई झाली तेव्हा बीदरचा अली बरीदही तिघा मोठ्यांच्या बरोबर रणात उभा होता.

तीही गोष्ट याच खेळाची. विजयनगरचा रामराय वर्षानुवर्षं या शाह्यांना एकमेकींविरुद्ध झुलवत होता. कधी विजापूरला घेऊन नगरवर, कधी दुसऱ्याला घेऊन तिसऱ्यावर. ज्याला मदत केली त्याच्याकडूनही मोबदला घेतला. आपण सगळ्यांना हाताळतो आहोत असं त्याला वाटत असणार. आणि एक दिवस हाताळलेले सगळे एका पंक्तीत बसले.

हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. पण आपल्या डोळ्यांसमोरचं पाहू. 1995 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला 80 जागा मिळाल्या, शिवसेनेला 73 आणि भाजपला 65. बहुमताला हवे होते 145. अपक्ष निवडून आले होते 45! त्या दिवसांत मी लहान होते, पण अब्बांच्या पानटपरीवरच्या गप्पांत 'अपक्ष' हा शब्द किती इज्जतीनं उच्चारला जायचा ते आठवतं. शेवटी युतीचं सरकार आलं ते अपक्षांच्या खांद्यावर. गावोगावच्या नगरपालिकांत आजही मतदान संपलं की अपक्षांना एकदम निसर्गाची ओढ लागते आणि ते सहलीला जातात. मराठीत त्याला घोडेबाजार म्हणतात. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक कलम आहे, ते मला या खेळामुळं नीट समजलं. अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार सरकारला पाठिंबा देऊ शकतो, पण तो पक्षात शिरला तर त्याची आमदारकी जाते. साथ दे, पण विरघळू नकोस. विरघळलास की तू राहिलाच नाहीस. ख्वाजा जहानला हे कुणी सांगायला हवं होतं.

आता घरातलं सांगते. हे सगळं मी ज्या रात्रींत वाचत होते त्याच रात्रींत आमच्या घरात एक नगरराज्य होतं आणि त्याच्या वेशीवर दोन फौजा उभ्या होत्या.

माझ्या आजोबांची नऊ एकर जमीन. सातबाऱ्यावर तीन नावं: अब्बा, चाचा आणि आमच्या फुफी. फुफी दोघांहून मोठ्या. निकाहनंतर काही वर्षांतच बेवा होऊन परत आल्या आणि विहिरीजवळच्या दोन खोल्यांत राहिल्या. मूलबाळ नाही. एक शेळी, आठ-दहा कोंबड्या, मेथी-कोथिंबिरीचे वाफे. विहीर त्यांच्या कब्जातल्या तुकड्यात. आमच्या भागात जमीन नऊ एकर की नव्वद, हे कुणी विचारत नाही. पाणी कुणाकडं, हे विचारतात. अब्बांना ऊस लावायचा होता, चाचांना द्राक्षबाग. दोघांची मनं विहिरीत अडकलेली.

भावाभावांचं बोलणं तीन वर्षांपासून बंद होतं. पण फुफीकडं दोघांचंही येणं वाढलं होतं. रमजान ईदला अब्बांकडून सुती लुगडं गेलं की चाचांकडून दुसऱ्या दिवशी त्याहून भारीचं. बकरीदला एकानं रान पाठवली की दुसऱ्यानं दोन. डोळ्याच्या मोतीबिंदूला बार्शीला कोण नेणार यावरून तर खडाजंगी झाली. गावाला वाटे, किती नशीबवान बाई, दोन-दोन भाऊ जपतात! मी मात्र आकडे मोजत होते. अब्बांचे पंचावन्न झाले, चाचांचे साठ. महिनाभर कुणी गेलं नाही, दोघांचे उतरले.

दोघांना एकच कागद हवा होता. हक्कसोडपत्र. आपल्याकडच्या बायकांना हा शब्द सांगावा लागत नाही. कुठल्याही धर्माच्या असोत, माहेरच्या ओसरीवर कधी ना कधी तो कागद समोर येतो. भाऊ म्हणतो, आपा, तुला काय कमी आहे? आई म्हणते, लिहून दे बेटा, माहेर राहतं. शरियतनं बहिणीला हिस्सा दिला हे आम्ही जलशांत मोठ्या अभिमानानं सांगतो, आणि तो हिस्सा मागणाऱ्या बहिणीकडं तितक्याच मोठ्या डोळ्यांनी बघतो.

अब्बांनी मला बोलावलं. "तू जा. बाईचं बाई ऐकते. तू शिकलेली आहेस, तुला समजावता येतं."

माझे दोन्ही भाऊ तिथंच बसलेले होते. ते काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. पण निघताना एक गोष्ट माझ्या ध्यानात होती. ज्या दिवशी फुफीच्या सहीचं ठरेल, त्याच दिवशी माझ्याही सहीचं ठरल्यासारखं होईल. अजून वीस वर्षांनी का होईना.

फुफी वाफ्यात बसून मेथी निवडत होत्या. त्यांना समजावण्याची सगळी वाक्यं मी बसमध्ये जुळवली होती आणि सगळी बाजूला ठेवली. खेळातल्या नगराचं पान उघडलं की त्याला काय हवं ते तिथंच लिहिलेलं असतं. आमच्या घरानं तीन वर्षांत लुगडी पाठवली, रानं पाठवली. ते पान कुणी उघडलं नव्हतं. मी विचारलं, फुफी, तुमकू क्या होना?

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मेरे कू क्या होना, ये पयली बार कोई पूछा."

मग त्या बऱ्याच वेळ बोलल्या. त्यांना सगळं माहीत होतं. कुठल्या ईदला कुणाचं लुगडं आधी आलं, कुणी ते आणून देताना विहिरीकडं पाहिलं, कुणी नाही. "दस्तखत करी तो मेरा नाम गया," त्या म्हणाल्या. "नाम गया तो ईद कू कौन आता?" हे त्या रडत म्हणाल्या नाहीत. बाजारात भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. इतके दिवस मी वाचत होते की मोठ्यांनी लहानांना कसं हाताळावं. पुस्तकं तशीच लिहिलेली असतात, खेळही तसाच बनवलेला आहे, कारण खेळणारा नेहमी मोठ्या राज्याच्या गादीवर बसलेला असतो. नगराच्या बाजूनं खेळायची सोयच त्यात नाही. पण विहिरीच्या काठावर बसून एक निरक्षर बाई तीन वर्षं दोन फौजांना हाताळत होती. तिला कळलं होतं की तिची किंमत तिच्या जमिनीत नाही, न केलेल्या सहीत आहे. बीदरच्या कोल्ह्यानं यापेक्षा जास्त काय केलं?

मी म्हटलं, पण फुफी, असं किती दिवस? दोघांच्या मध्ये तुम्ही चिरडून जाल. तेव्हा त्यांनी मला दादीची गोष्ट सांगितली. ती मी तुकड्यातुकड्यांत ऐकली होती, सलग त्या दिवशी ऐकली.

1948 चा सप्टेंबर. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्याआधीचे महिने रझाकारांच्या जुलमाचे, आणि तो गावानं सोसलेला होता. 13 ते 17 सप्टेंबर या पाच दिवसांत फौज आली आणि हैदराबाद संस्थान संपलं. पण गावोगाव जे झालं ते त्या पाच दिवसांत संपलं नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती त्यानंतर फिरली. जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिनं आमच्या जिल्ह्याचं नाव लिहिलं, आणि तो अहवाल कितीतरी वर्षं बासनात राहिला. आमचे आजोबा ना रझाकारांत होते ना काँग्रेसमध्ये. ते नांगर धरणारे होते. कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस अशा दिवसांत कुणाच्याच हिशेबात नसतो. कच्च्या लिंबाला मैदानात बाद धरत नाहीत. तिथं धरत होते.

"पाटील बैठा था दरवाजे में," फुफी म्हणाल्या. गावच्या पाटलांनी आजोबांच्या घराच्या उंबऱ्यावर घोंगडी टाकली आणि काठी आडवी ठेवून तीन रात्री ते तिथं बसून राहिले. आत दादी, आजोबा आणि भावकीतली मिळून अकरा माणसं. टोळी आली, पाटलांना पाहिलं आणि पुढं गेली. पाटलांनी त्याबद्दल पुढं कधी काही मागितलं नाही. सालगड्याची माणसं मागितली नाहीत, मत मागितलं नाही, पट्टीची जमीन मागितली नाही. सुंदरलाल समितीनंही लिहिलं आहे की ठिकठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवलं.

माझ्या खेळात असं एक बटण आहे. एखाद्या नगराला अभयवचन द्यायचं. बटण दाबायला पैसा लागत नाही. प्रसंग आला आणि अंगाशी येतंय असं वाटलं तर वचन मागंही घेता येतं. त्या दिवशी मला कळलं की त्या बटणात काय घालायचं राहून गेलं आहे. तीन रात्री.

फुफींना तेच हवं होतं. त्यांच्या अडचणीच्या दिवसात दारात कोण बसेल, हे त्यांना लुगड्यांवरून समजत नव्हतं. आणि समजत नव्हतं म्हणून त्या सही करत नव्हत्या.

मी विचारलं, सही नको. मग विहिरीचं काय करू या? त्यांच्याजवळ याचंही उत्तर तयार होतं. फक्त विचारणारं कुणी आलं नव्हतं. पाण्याच्या पाळ्या लावायच्या. आजोबांच्या वेळी मोटेच्या पाळ्या होत्याच. शनिवार-रविवार-सोमवार एकाचे, मंगळवार-बुधवार-गुरुवार दुसऱ्याचे. "जुम्मा मेरा." शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, ज्याच्या वारी जी येईल ती त्याची, तक्रार करायची नाही. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावायचं आणि किल्ली फुफीकडं. ज्याची पाळी त्यानं सकाळी येऊन किल्ली न्यायची, संध्याकाळी आणून द्यायची. दोघांचं बोलणं बंद असलं तरी चालेल. किल्ली मात्र हातात आणून द्यायची, मुलाबाळांजवळ पाठवायची नाही.

मी हे एका वहीच्या पानावर लिहिलं. वाचून दाखवलं. फुफींनी 'हौ' म्हटलं आणि अंगठा उठवायला बोट पुढं केलं. मी म्हटलं, याला अंगठा लागत नाही, हा सरकारी कागद नाही. त्या म्हणाल्या, "लगा दे. इसमें मेरा कुछ जाता नै."

त्या वर्षीच्या शाळेत सातवीला मी पाच शाह्या शिकवल्या तेव्हा फळ्यावर नकाशा काढून परंड्याला वेगळा खडू लावला. पुस्तकात ते नव्हतं. मुलांना एक प्रश्न घातला: तुम्ही ख्वाजा जहान असता तर काय केलं असतं? एक मुलगा म्हणाला, मोठ्याला जाऊन मिळालो असतो. दुसरा म्हणाला, दोघांना लढवलं असतं. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "आपा, आधी बघितलं असतं, पावसाळ्यात आमच्या किल्ल्याला धान्य कोण देतं." तिला मी दहापैकी दहा दिले. खेळाच्या नव्या भागांत, 2016 च्या सहाव्या आणि 2025 च्या सातव्या, या लहान नगरांचे नियम बदलत गेले आहेत. सहाव्यात सोन्याच्या थैलीऐवजी दूत पाठवावे लागतात, सातव्यात त्यांना स्वतंत्र सत्ता असं नाव मिळालं आहे. भाचा म्हणतो, खाला, नवा घेऊन देतो. मी म्हटलं, राहू दे, मला जुन्याचाच अभ्यास पुरा करायचा आहे.

अब्बांना मी घरी आल्यावर वहीचं पान दिलं. सही होणार नाही, हे उभ्याउभ्याच सांगितलं. ते माझ्यावर चिडले. शिकून हेच केलंस का, म्हणाले. चार दिवस बोलले नाहीत. मी नाश्ता नेऊन ठेवायची, ते न बघता खायचे. पान मात्र त्यांनी फाडलं नाही, चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलं होतं. अम्मीनं मला ते हळूच दाखवलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी सासरी परत जायला बॅग भरत होते. दोन्ही भाऊ ओसरीवर होते. अब्बा फजरची नमाज पढून आले, टोपी खुंटीला लावली, आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"सोमवार किसका है?"